निर्णय कोण घेतं, ते आधी पाहा: ओपन सोर्समध्ये नव्याने येणाऱ्या सीमाभागातल्या मुलामुलींसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली इंजिनिअरिंगची बरीच मुलं आता दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच ओपन सोर्सकडे, म्हणजे कोणीही वाचू आणि सुधारू शकेल अशा सॉफ्टवेअरकडे वळतात आणि असा कोड जिथे ठेवतात त्या गिटहब या साइटवर खातं उघडतात. गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) कसं वापरायचं, पुल रिक्वेस्ट (‘माझा हा बदल घ्या’ अशी विनंती) कशी पाठवायची, हे शिकवणारे व्हिडिओ ढीगभर आहेत. पण प्रकल्पात शिरल्यावर गाठ पडते ती माणसांशी. त्यांच्यात जुने मतभेद असतात, अधिकारावरून ओढाताण असते, आणि त्याबद्दल कोणी काही शिकवत नाही. मग मराठी शाळेतून आलेली, कानडी मैत्रिणींबरोबर अभ्यास केलेली, इंग्रजीत चार ओळी लिहिताना अजून बिचकणारी एखादी हुशार मुलगी पहिल्याच खडाजंगीत मागे सरते आणि पुन्हा फिरकत नाही. मला हे मनापासून लागतं. तिच्यासारख्यांसाठी हा लेख.

भांडणं प्रत्येक जिवंत प्रकल्पात होतात. प्रकल्पात राहायचं की नाही हे ठरवताना मी एकच गोष्ट बघतो: मतभेद झाला तर निर्णय कोणी आणि कसा घ्यायचा, हे भांडणाच्या आधी ठरलेलं आणि लिहिलेलं आहे का? पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका प्रश्नाभोवती आहेत.

पायरी पहिली: कोडच्या आधी कारभार वाचा

प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये प्रकल्पाची ओळख देणाऱ्या रीडमीशिवाय आणखी काही फायली असतात: कॉन्ट्रिब्युटिंग (हातभार कसा लावायचा), कोड ऑफ कंडक्ट (आचारसंहिता), मेन्टेनर्स (प्रकल्प सांभाळणाऱ्यांची यादी), आणि नशीब असेल तर गव्हर्नन्स (कारभाराचे नियम). या चारही वाचा. वाचताना वहीत तीन प्रश्नांची उत्तरं लिहा. बदल स्वीकारायचा अधिकार कोणाला आहे? दोन मेन्टेनरांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा? आणि हा अधिकार एखाद्याला कसा मिळतो, कसा जातो?

आपल्याकडे गल्लोगल्ली गणेश मंडळं आहेत, म्हणून ही गोष्ट तुम्हाला लवकर कळेल. अध्यक्षाचं नाव फलकावर असतं, पण पावतीपुस्तक कोणाच्या घरी आहे आणि बँकेत सही कोणाची चालते, यावर मंडळ खरं चालतं. सॉफ्टवेअर प्रकल्पातही तसंच. डोमेन कोणाच्या नावावर आहे, गिटहबवर मालकी हक्क कोणाकडे आहे, पॅकेज प्रसिद्ध करायचा पासवर्ड किती जणांकडे आहे, देणगीचे पैसे कोणत्या खात्यात जातात, ट्रेडमार्क कोणाचा आहे? या चाव्या कोणाकडे आहेत ते कळलं की कागदावरच्या पदांचा अर्थही कळतो.

कारभाराचे प्रकार ढोबळमानाने चार. पहिला, एका माणसाच्या शब्दावर चालणारा. पायथन भाषा कित्येक वर्षं अशीच चालली. भाषेचे जनक गिडो व्हॅन रॉसम यांचा निर्णय अंतिम असे. जुलै २०१८ मध्ये, पेप ५७२ या प्रस्तावावर झालेल्या कडवट वादानंतर, ते त्या जागेवरून बाजूला झाले आणि वारस नेमला नाही. पुढे काय करायचं ते मुख्य डेव्हलपरांनीच ठरवायचं होतं. त्यांनी वेगवेगळ्या पद्धतींचे लेखी प्रस्ताव मांडले, डिसेंबर २०१८ मध्ये मतदान केलं आणि पाच जणांची निवडून आलेली परिषद स्वीकारली. त्या नियमांत एक कलम मला फार मोलाचं वाटतं: एकाच कंपनीत नोकरी करणारे दोनपेक्षा जास्त सदस्य परिषदेत बसू शकत नाहीत. कुठल्याही प्रकल्पाचे नियम वाचताना असं कलम आहे का ते शोधा.

दुसरा प्रकार घटनेवर चालणारा. डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या ऑपरेटिंग सिस्टीमची घटना १९९८ सालची आहे. प्रकल्पप्रमुखाची निवडणूक दरवर्षी होते, आणि मोठ्या प्रश्नावर सगळ्या सदस्यांचं मत घेता येतं. तिसरा, अनेक ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाची फाउंडेशनसारखा. तिथे ज्याने काम केलं त्याला अधिकार मिळत जातो, आणि बरेचसे निर्णय कोणी हरकत घेतली नाही म्हणून होतात. हरकतीसाठी साधारण ७२ तास थांबायचा प्रघात आहे, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाला झोपलेल्या माणसालाही बोलायला वेळ मिळतो. कोडमधल्या बदलाला तिथे नकाराधिकार वापरता येतो, पण तांत्रिक कारण द्यावं लागतं. नुसतं ‘मला आवडलं नाही’ चालत नाही.

चौथा प्रकार कंपनीच्या मालकीचा. यात वाईट काही नाही, पण डोळे उघडे ठेवून जा. पुल रिक्वेस्ट पाठवताना तुमच्यासमोर एखादा करार येऊ शकतो. डीसीओ (डेव्हलपर सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन) असेल तर तुम्ही एवढंच सांगता की हा कोड द्यायचा हक्क मला आहे. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, २००४ पासून हीच पद्धत आहे. सीएलए (कॉन्ट्रिब्युटर लायसन्स ॲग्रीमेंट) असेल तर तो शेवटपर्यंत वाचा. काही सीएलएंमुळे कंपनीला तुमच्या कोडचे इतके व्यापक हक्क मिळतात की पुढे ती प्रत्येकाला न विचारता परवाना बदलू शकते. ऑगस्ट २०२३ मध्ये हॅशीकॉर्प कंपनीने टेराफॉर्म या आपल्या सॉफ्टवेअरचा परवाना बदलला तेव्हा ओपनटोफू हा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळा काढलेला प्रकल्प, निघाला. मार्च २०२४ मध्ये रेडिस या डेटाबेसचा परवाना बदलला तेव्हा व्हाल्की हा फोर्क निघाला.

पायरी दुसरी: तब्येत तपासा

यासाठी एक निवांत संध्याकाळ द्या. गिटमध्ये ‘शॉर्टलॉग’ ही आज्ञा आहे. कोणी किती कमिट केले, म्हणजे किती बदल नोंदवले, ते ती दाखवते. गेल्या वर्षापुरती यादी काढा. वरचं एक नाव सोडलं तर बाकी सगळे एक-दोन कमिटवर असतील तर तो प्रकल्प एका माणसाच्या खांद्यावर आहे असं समजा. मग न स्वीकारता बंद केलेल्या पुल रिक्वेस्ट उघडा. स्वीकारलेल्यांपेक्षा या जास्त शिकवतात. नाकारताना कारण दिलंय का? नवख्याला पुढची वाट दाखवलीय का? दोन मेन्टेनरांचं पटलं नाही तेव्हा ते एकमेकांशी कसे बोलले?

एका माणसाच्या खांद्यावरचा प्रकल्प किती धोक्याचा असू शकतो, हे एक्सझेड युटिल्सने दाखवलं. फाइल लहान करायची ही लायब्ररी असंख्य लिनक्स संगणकांवर असते, आणि ती वर्षानुवर्षं एकच माणूस फावल्या वेळात, बिनपगारी सांभाळत होता. २०२२ मध्ये काही खात्यांवरून त्याच्यावर दबाव सुरू झाला: काम मंद चाललंय, दुसऱ्याला अधिकार द्या. मनाची तब्येत बरी नसल्याचं त्याने उघडपणे लिहिलं होतं. त्याच काळात ‘जिया टान’ नावाने मदत करणाऱ्या एकाला हळूहळू अधिकार मिळाले. त्याने २०२४ च्या सुरुवातीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार (बॅकडोअर) घातलं. अँड्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला एसएसएच (दुसऱ्या संगणकात दुरून शिरायची पद्धत) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळं उघड झालं.

यातून नवख्याने काय घ्यायचं? थकलेल्या मेन्टेनरला ‘कधी होणार?’ असं विचारू नका. इतर कोणी विचारत असेल तर त्याच्या सुरात सूर मिसळू नका. मदत करायची तर मागे पडलेल्या बग रिपोर्टांपैकी एखादा स्वतःच्या मशीनवर करून पाहा आणि तो अजून होतो का ते लिहा. त्याला कुठलाच अधिकार लागत नाही.

पायरी तिसरी: पहिलं काम लहान, पण खरं

ऑक्टोबर २०२० मध्ये, पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या उपक्रमाच्या टी-शर्टसाठी हजारो प्रकल्पांवर निरर्थक पुल रिक्वेस्टांचा भडिमार झाला. रीडमीमध्ये एखादा शब्द घालायचा आणि पाठवायचं. शेवटी ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला तेवढेच त्यात धरायचे, असा नियम आयोजकांना करावा लागला. त्या लोंढ्यात आपल्या देशातली मुलं बरीच होती, आणि त्याची किंमत आजही प्रामाणिक भारतीय विद्यार्थ्याला मोजावी लागते. मेन्टेनर आधी संशयाने बघतो. म्हणून जे सॉफ्टवेअर तुम्ही खरोखर वापरता तिथेच जा. घरचं बेळगावच्या उद्यमबागमध्ये मशीन शॉप असेल आणि ड्रॉइंगसाठी तुम्ही फ्रीकॅड वापरत असाल, तर तुम्हाला अडलेली गोष्ट ही खरी गोष्ट आहे. देवनागरीत टाइप करताना लिबरऑफिसमध्ये जोडाक्षर मोडत असेल तर तेही खरं आहे, आणि ते युरोपात बसलेल्या डेव्हलपरला तुमच्याशिवाय दिसणार नाही.

इंग्रजीची भीती बाळगू नका. छोटी वाक्यं लिहा: काय केलं, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणती आवृत्ती. एवढ्यावर जगभरचे लोक काम करतात.

पायरी चौथी: तुमच्याच कामावर वाद झाला तर

इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक मुलं इथेच हरतात. आणि उदाहरण आपल्याच मातीतलं घेतो: ओपनस्ट्रीटमॅप. २००४ मध्ये सुरू झालेला हा नकाशा कोणीही सुधारू शकतो. समजा तुम्ही खातं उघडलंत आणि आपल्या गावाचं, गल्लीचं नाव मराठीत नाही म्हणून मुख्य नावच बदलून टाकलंत. दुसऱ्या दिवशी कोणीतरी ते परत फिरवलं. तुम्ही पुन्हा बदललंत, त्याने पुन्हा. नावावरून आपल्या भागात भावना किती खोल आहेत, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. मुलं म्हणतात, ‘सोड की रे, आपल्याला कोण विचारतंय.’ किंवा याच्या उलट, दहा मित्रांना गोळा करून सगळे मिळून नाव बदलत बसतात. दोन्हींत नकाशाचं नुकसान आहे.

करायचं असं. आधी नियम वाचा. तिथे भाषेप्रमाणे नावाचे वेगळे रकाने आहेत: मराठीसाठी ‘नेम:एमआर’, कन्नडसाठी ‘नेम:केएन’, जुन्या नावासाठी ‘ओल्ड_नेम’. १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगाव शहराचं अधिकृत इंग्रजी नाव बदललं, त्याच्या आधीचं नाव शेवटच्या रकान्यात जातं. मराठी रकान्यात बेळगाव आणि कन्नड रकान्यात कन्नड नाव, दोन्ही एकाच ठिकाणी सुखाने नांदतात. खानापूर तालुक्यातल्या कितीतरी वाड्या, ओढे आणि देवळं अजून कुठल्याच भाषेत नकाशावर नाहीत, ती भरायला कोणाचीही हरकत नसते. मुख्य नावाच्या रकान्याबद्दल मात्र तत्त्व असं की प्रत्यक्ष जागेवर जे वापरात आहे ते लिहायचं. त्यावर मतभेद झाला तर पुरावा म्हणजे तिथली पाटी, तुमची किंवा माझी इच्छा नव्हे.

कोणी तुमचा बदल फिरवला तर पुन्हा फिरवू नका. त्याच्या चेंजसेटखाली (त्याने केलेल्या बदलाच्या नोंदीखाली) लिहा: ‘मी हा बदल अमुक कारणासाठी केला. तुमची हरकत मी अशी समजलो. बरोबर आहे का? गावातल्या पाटीचा माझा फोटो आहे, तो पाठवतो.’ उत्तरासाठी काही दिवस द्या. नाही आलं तर भारतातल्या मॅपरांच्या चर्चेत विषय मांडा. तरीही तिढा सुटला नाही तर ओपनस्ट्रीटमॅप फाउंडेशनचा डेटा वर्किंग ग्रुप असतो, अशी फिरवाफिरवी (एडिट वॉर) सोडवणं त्याचं कामच आहे. हा क्रम मोडून थेट वर जाऊ नका. वर पोचेपर्यंत तुमची बाजू शांतपणे लिहिलेली दिसली पाहिजे.

कोडच्या बाबतीतही हेच. रिव्ह्यूमध्ये टीका आली की त्या दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्याचा आक्षेप आधी स्वतःच्या शब्दांत मांडा, मग आपलं म्हणणं. आक्षेप मान्य असेल तर ‘पटलं, बदलतो’ असं लिहून बदला. नसेल तर एकदा कारण द्या. दुसऱ्यांदा तेच कारण देण्यात अर्थ नाही. निर्णय ज्याचा आहे त्याने घेतला की तो मान्य करा, आणि वाटलं तर लिहा की मी सहमत नाही पण यानुसार काम करतो. असं लिहिणाऱ्यावर लोकांचा विश्वास बसतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

पायरी पाचवी: मोठा वाद पेटला तर

तुमचा संबंध नसताना प्रकल्पात आग लागू शकते. तेव्हा आधी वाद कसला आहे ते ओळखा. तांत्रिक आहे, पद्धतीचा आहे, वागणुकीचा आहे, की मालकीचा? बहुतेक वेळा सुरुवात एकातून होते आणि मूळ दुसऱ्यात असतं.

डेबियनमध्ये २०१४ साली सिस्टमडीवरून असंच झालं. वरून प्रश्न तांत्रिक होता: संगणक सुरू होताना कोणता प्रोग्राम सगळ्यात आधी चालवायचा. फेब्रुवारीत तांत्रिक समितीत समसमान मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. नियमात ते बसत होतं, पण इतक्या काठावरच्या निर्णयाने मनं जुळली नाहीत. वर्षअखेर सगळ्या सदस्यांचं मतदान झालं, काही जुन्याजाणत्यांनी पदं सोडली, आणि देवुआन नावाचा फोर्क निघाला. तरी डेबियन टिकलं. मतदान कसं घ्यायचं, मतं कशी मोजायची, हे १९९८ पासून लिहिलेलं होतं म्हणून टिकलं, असं मला ठामपणे वाटतं. उलट रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या प्रकल्पात नोव्हेंबर २०२१ मध्ये वागणुकीवर लक्ष ठेवणाऱ्या मॉडरेशन टीमने एकत्र राजीनामा दिला. त्यांचं म्हणणं होतं की कोअर टीम कोणालाच उत्तरदायी नाही. म्हणजे नियम सगळ्यांना लागू, पण वरच्यांना लावायची सोयच नाही. नवी लीडरशिप कौन्सिल उभी राहायला २०२३ चा जून उजाडला.

अशा वेळी नवख्याने काय करायचं? चर्चा पहिल्या संदेशापासून वाचायची. तारखेवार टिपण करायचं: कोणी काय म्हटलं, कोणता निर्णय कधी झाला. दुसऱ्याने केलेल्या सारांशावर मत बनवायचं नाही. नुसता पाठिंबा किंवा निषेध टाकून गर्दी वाढवायची नाही. तुमच्याकडे नवी माहिती असेल, उदाहरणार्थ त्या बदलाने देवनागरी मजकूर मोडतो, तरच लिहा. मित्र ज्या बाजूला आहे त्या बाजूला आपोआप जाऊ नका. आणि या काळात आपलं लहान काम चालू ठेवा. भांडणाच्या महिन्यात कोणीतरी बग दुरुस्त करतंय, याचा सगळ्यांना आधार वाटतो.

पायरी सहावी: वागणूक सहन करण्यापलीकडे गेली तर

कडक टीका आणि अपमान यांत फरक आहे. ‘हा कोड चुकीचा आहे, यात मेमरी गळते’ ही टीका. तुमची जात, भाषा, देश, बाई असणं किंवा इंग्रजी यावरून बोलणं हा अपमान. तो सोसायचा नाही. लिनक्स कर्नलमध्येही वर्षानुवर्षांच्या कठोर भाषेनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी जाहीर माफी मागितली, काही काळ कामातून रजा घेतली, आणि प्रकल्पाने आचारसंहिता स्वीकारली.

तक्रार खासगीत करा. कोड ऑफ कंडक्टच्या फाइलमध्ये ज्यांच्याकडे जायचं ते नाव किंवा पत्ता असतो. संदेशाचा दुवा, तारीख, स्क्रीनशॉट द्या, घडलं ते लिहा, समोरच्याच्या हेतूबद्दल अंदाज लिहू नका. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तोच त्या यादीत एकटा असेल, तर उत्तर तुम्हाला मिळालंच: असा प्रकल्प सोडा. मुलींना माझं सांगणं, एकट्याने हे ओझं वाहू नका. वर्गातल्या किंवा प्रकल्पातल्या एका विश्वासू व्यक्तीला सोबत घ्या.

पायरी सातवी: फोर्क करण्याआधी

‘नाही पटलं तर फोर्क करा’ असं सहज म्हटलं जातं. परवाना तसा हक्क देतो, हे खरं. पण फोर्कबरोबर कोड येतो. नाव, डोमेन, ट्रेडमार्क आणि माणसं येत नाहीत. लिबरऑफिस यशस्वी झालं, कारण सप्टेंबर २०१० मध्ये ओपनऑफिसमधून बाहेर पडताना काम करणारे लोक मोठ्या संख्येने सोबत गेले आणि त्यांनी स्वतःचं फाउंडेशन उभं केलं. नोड.जेएस या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून डिसेंबर २०१४ मध्ये आयओ.जेएस फुटला. तक्रार होती की एका कंपनीच्या हातात सगळं अडकलंय आणि नवी आवृत्ती येतच नाही. २०१५ मध्ये फाउंडेशन स्थापन झालं, खुला कारभार मान्य झाला, आणि सप्टेंबरमध्ये नोड ४.० मध्ये दोन्ही कोड एकत्र आले. नियमित काम करणारे तीन-चार जण तुमच्याबरोबर येत नसतील तर फोर्क करू नका.

पायरी आठवी: इथे स्वतःचा प्रकल्प काढलात तर

मराठी-कन्नड शब्दकोश, कीबोर्ड, ग्रामपंचायतीच्या फॉर्मसाठी एखादं ॲप, बसचं वेळापत्रक: असे प्रकल्प आपल्या भागातूनच निघायला हवेत, कारण दोन्ही भाषांची गरज इथे रोजची आहे. चौघं मित्र बसलेले असताना, सगळं गोड असताना, एक पान लिहा. मालकी हक्क दोघांकडे असू दे, एकट्याकडे कधीच नको. डोमेनचं नूतनीकरण कोण करणार ते लिहा. पटलं नाही तर किती दिवस थांबायचं, मग मत कसं घ्यायचं, समसमान झालं तर काय, ते लिहा. चर्चा कोणत्या भाषेत करायची तेही आताच ठरवा. माझा आग्रह असा की बोलणं मराठीत, कन्नडमध्ये, जसं सुचेल तसं होऊ दे, पण निर्णय सगळ्यांना वाचता येईल अशा एका भाषेत रिपॉझिटरीत, म्हणजे कोड ठेवतो त्याच जागी, नोंदवला जावा. चहाच्या टपरीवर किंवा व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं त्याच दिवशी लिहा, नाहीतर त्या वेळी हजर नसलेल्याला आपल्याला डावललं असं वाटतं, आणि त्यात बहुतेकदा तथ्य असतं. परीक्षेच्या महिन्यात आणि अनंत चतुर्दशीच्या आठवड्यात मतदान ठेवू नका.

बक्षिसाचे किंवा देणगीचे पैसे आले तर हिशेब सगळ्यांना दिसेल असा ठेवा. रक्कम लहान असली तरी.

पायरी नववी: सोडून जाताना

नोकरी लागते, पुण्याला किंवा बंगळूरला जाणं होतं, वेळ उरत नाही. गप्प बसून नाहीसं होऊ नका. हातात असलेल्या इश्यूंवरून (नोंदवलेल्या अडचणी-कामांवरून) आपलं नाव काढा आणि प्रत्येकावर दोन ओळी लिहा: कुठपर्यंत आलंय, काय अडलंय. तुमच्याकडे कमिटचा, सर्व्हरचा किंवा पॅकेज प्रसिद्ध करायचा अधिकार असेल तर तो काढून घ्या असं स्वतःहून सांगा. वापरात नसलेलं, जुन्या पासवर्डचं खातं चोराच्या हाती पडलं तर त्रास मागे राहिलेल्यांना होतो. पायथन आणि डेबियनसारख्या प्रकल्पांत निवृत्त सदस्यांची वेगळी यादी असते आणि परत यायची वाटही असते. तुमच्या प्रकल्पात नसेल तर जाण्याआधी तेवढी एक पुल रिक्वेस्ट पाठवा.